सूचक म्हणून माझं नाव, पण सुचवलं कोणी?

पुण्याच्या दक्षिण भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

"मी घरी शिवणकाम करते, नवरा रिक्षा चालवतो. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत, दोघं महापालिकेच्या मराठी शाळेत. दीड वर्षापूर्वी पालकांच्या सभेत मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. 'काही नाही हो ताई, महिन्यातून एकदा सही करायला यायचं,' असं मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या. सभा मंगळवारी दुपारी साडेबाराला असते. चार-पाच जण येतात. मध्येच चहा आणायला मीच उठते, परत येते तोवर रजिस्टर फिरत असतं. गेल्या महिन्यात दाखल्यासाठी ऑफिसात थांबले असताना ते रजिस्टर चाळलं. अनुदानातून प्रवेशद्वाराची रंगरंगोटी, नावाचा नवा फलक आणि बोलक्या भिंती (चित्रं, तक्ते रंगवलेल्या) करायच्या, असा ठराव आहे. सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून माझं नाव! मी असं काही सुचवलंच नव्हतं. वरच्या मजल्यावरची मुलींची स्वच्छतागृहं पाणी चढत नाही म्हणून बंद आहेत. माझी मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. पण मोठ्या बाई वाईट नाहीत. मुलांसाठी राबतात, माझ्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी शाळा सुटल्यावर स्वतः शिकवतात. नवरा म्हणतो, गप्प बस, मुलं तिथंच शिकायची आहेत. आमच्या भागातला एक कार्यकर्ता म्हणतो, अर्ज द्या, पेपरात आणू. मला वाटतं, राजीनामा द्यावा. मी नववी शिकलेली. बचत गटाचं रजिस्टर सोडलं तर लिहायची सवय नाही. मला यातलं काय कळतं?"

ताई,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. "बचत गटाचं रजिस्टर सोडलं तर" असं तुम्ही सहज लिहून गेलात. बचत गटाच्या बैठकीत काय होतं? आधी हजेरी, मग मागच्या बैठकीचं वाचन. मग कोणी किती भरले, कोणाला किती कर्ज दिलं, व्याज किती जमलं, हे मोठ्यानं वाचायचं. एखादीचे पन्नास रुपये लिहायचे राहिले तर ती तिथल्या तिथं हटकते, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचं काम याहून फार वेगळं नाही. तुम्हाला कळत नाही असं नाही. जे कळतं ते शाळेच्या ऑफिसात चालतं, एवढं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

आता एक कबुली. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत होते, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. कोऱ्या पानावर सह्या मीही घेतल्या आहेत. तपासणी तोंडावर आलेली असायची, महिन्याची सभा झालेली नसायची. मग शिपायाला वस्तीत पाठवायचं, सह्या आणायच्या आणि रात्री बसून इतिवृत्त लिहायचं. सूचक आणि अनुमोदक म्हणून नावं टाकताना मी यादीत वरून खाली जायची. आज याचं नाव, पुढच्या महिन्यात त्याचं. त्यामागे लबाडी होती असं मला तेव्हा वाटलं नाही. पालकांना त्रास नको, असंच वाटायचं. तुमच्या मोठ्या बाईंनी हेच केलं असावं असा माझा अंदाज आहे. म्हणून त्यांनी केलं ते बरोबर ठरत नाही, माझंही नव्हतं. पण "माझ्या नावावर खोटं लिहिलं" आणि "यादीतलं पुढचं नाव टाकलं" यांत फरक आहे, आणि तुम्ही पहिलं वाक्य कोणत्या सुरात बोलणार ते त्या फरकावर ठरेल.

रंगरंगोटीचंही तसंच आहे. तुम्हाला ती हौस वाटते. मला त्यात भीती दिसते. तीस सप्टेंबरचा पट, म्हणजे त्या दिवशीची विद्यार्थिसंख्या, मुख्याध्यापकाला वर्षभर झोपू देत नाही. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर होताना, शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की एका बाईंकडे दोन वर्ग येतात, आणि मग आणखी पालक मुलं काढतात. समोर इंग्रजी शाळेची चकचकीत कमान असते. आपल्या शाळेचा फलक निम्मा पुसलेला असला की जूनमध्ये दाखल्याला आलेला बाप फाटकावरूनच परत फिरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या समितीतल्या काही वडिलांनाही फलकच हवा असेल. आपली मुलं जिथं शिकतात ती जागा बघणाऱ्याला गरिबाची वाटू नये, हे मागणंही खोटं नाही. तेव्हा बाई विरुद्ध पालक अशी मांडणी करू नका. प्रश्न फलक आधी की नळ आधी, एवढा आहे. तो सगळ्यांसमोर मांडलाच गेला नाही, हे खरं दुखणं.

कायदा काय म्हणतो ते पाहू. कायद्यानं धमकी द्यायची नसते, पण आपण कुठं उभ्या आहोत ते माहीत असावं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती येते. किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतून होतो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. म्हणजे सभा तुमची, इतिवृत्त लिहिण्याचं काम त्यांचं. समितीची कामं त्या कलमात स्पष्ट आहेत: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं आणि सरकारकडून, महापालिकेकडून किंवा इतर कुठूनही आलेलं अनुदान कसं खर्च झालं ते पाहणं. स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मांडणं, पंधरा ऑगस्टचा खाऊ वाटणं, मैदान झाडून देणं यांतलं काहीही त्या कलमात नाही. ही कामं पालक आनंदानं करतात, करावीत. पण "आमच्या शाळेत लोकसहभाग उत्तम आहे" असं म्हणताना पुष्कळदा एवढाच सहभाग डोळ्यासमोर असतो. हात मागायचे, वर्गणी मागायची, मत मात्र मागायचं नाही. हे पुण्यात सांगायला मला जरा संकोच वाटतो. इथं गल्लीतलं गणपती मंडळसुद्धा जमाखर्चासकट अहवाल छापून घरोघर देतं, आणि त्यात एक आकडा चुकला तर कट्ट्यावर महिनाभर चर्चा होते.

दुसऱ्या शाळांतल्या वाचकांसाठी दोन ओळी. तुमची शाळा खासगी अनुदानित असेल, किंवा भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याकांची असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथल्या समितीचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे. विनाअनुदानित शाळेला कलम २१ लागूच नाही. तिथं शुल्क विनियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते, तीत इच्छुक पालकांतून सोडत काढून सभासद घेतात, आणि फी वाढवायची असेल तर शाळेनं प्रस्ताव नवं वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायचा असतो. सोडतीत नाव घालायला फारसे पालक पुढे येत नाहीत आणि फीचं पत्र आल्यावर व्हॉट्सॲपवर आग पाखडतात. असो.

परत तुमच्याकडे. राजीनामा देऊ नका, निदान आत्ता नको. समितीची मुदत दोन वर्षांची असते, तुमचं दीड वर्ष झालं. तुम्ही गेलात तर यादीतलं पुढचं नाव येईल, आणि त्या बाईलाही "सही करायला यायचं" एवढंच सांगितलं जाईल. कार्यकर्त्याला सध्या हात जोडून थांबवा. पेपरात बातमी आली की शाळा एका बाजूला आणि पालक दुसऱ्या बाजूला जातात, आणि तो गृहस्थ चौथ्या दिवशी दुसऱ्या विषयाकडे वळलेला असतो. तुम्हाला मात्र रोज सकाळी त्याच फाटकातून मुलं सोडायची आहेत.

आधी मोठ्या बाईंना एकट्या भेटा, सभेआधी. रजिस्टरचा विषय मुलींच्या पाण्यापासून काढा. मी तुमच्या जागी असते तर असं म्हणाले असते: "बाई, माझी पोरगी शाळेत पाणी पीत नाही. विचारलं तर म्हणते, वरचं बंद आहे, खाली रांग असते. पुढच्या सभेत हा विषय घेऊ या का? आणि त्या फलकाच्या ठरावावर सूचक म्हणून माझं नाव पडलंय, मी तेव्हा चहा आणायला गेले होते. पुढच्या वेळी सही करायच्या आधी तेवढं वाचून दाखवा." एवढंच. यात आरोप नाही, पण तुम्ही ते पान वाचलंय हे त्यांना कळतं. माझ्या नोकरीत एका आजोबांनी मला जवळजवळ अशाच शब्दांत विचारलं होतं. मला आधी राग आला, मग दोन दिवस लाज वाटत राहिली, आणि त्यानंतर त्या शाळेत मी कोरं पान फिरवलं नाही. सगळ्यांना लाज वाटेलच असं नाही, म्हणून पुढचं सांगते.

कुठल्याही संस्थेच्या सभेत पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सगळे हा विषय "झालं, कायम" म्हणून उरकतात. तुमच्या हातातली किल्ली तीच आहे. अध्यक्ष म्हणून शांतपणे म्हणा, "वाचू या." वाचताना चूक निघाली तर तिथंच दुरुस्ती सुचवायची आणि ती या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायची. जुनं पान खोडायचं नाही, फाडायचं तर मुळीच नाही. तुमच्या बाबतीत दुरुस्तीचं वाक्य असं होईल: "मागील सभेच्या अमुक ठरावावर सूचक म्हणून अध्यक्षांचे नाव नोंदले आहे, ती सूचना त्यांनी मांडलेली नव्हती." बाईंशी आधी बोलणं झालं असेल तर हे वाक्य त्याच लिहून घेतील आणि कोणाला ते टोचणार नाही.

सह्यांचं एक पथ्य पाळा. हजेरीची सही आणि इतिवृत्ताची सही वेगळी धरा. हजेरीची सही आल्याबरोबर करा. इतिवृत्तावरची सही मजकूर पुरा लिहून झाल्यावर, शेवटच्या ओळीच्या लगेच खाली, मध्ये जागा न सोडता. एखादा ठराव पटला नाही तर "सर्वानुमते" हा शब्द बदलून घ्या आणि आपला विरोध एका ओळीत नोंदवा. विरोध नोंदवणं म्हणजे भांडण नाही, ती सभेतली एक रीतच आहे. समितीच्या बँक खात्यावर तुमची आणि मुख्याध्यापकांची संयुक्त सही असेल तर पासबुक दर सभेला टेबलावर असावं. बचत गटात तुम्ही पासबुकाशिवाय बसता का?

पैशांचा अंदाजही हवा. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेच्या निकषांत २५१ ते १००० पटाच्या शाळेला वर्षाला ७५ हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे, आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. म्हणजे साडेसात हजार तरी. तुमच्या शाळेचा पट किती, यंदा प्रत्यक्ष किती आले, हा प्रश्न सभेत विचारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण साडेसात हजारांत वरच्या मजल्यावर पाणी चढणार नाही, हेही खरं. कड्या, नळ, बादल्या, साफसफाईचं सामान त्यात बसेल. मोटार, टाकी, पाइपलाइन हे महापालिकेचं काम. मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी हे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहे. हा फरक समितीला कळला नाही तर दोन वाईट गोष्टी होतात. एक तर पालक आपसांत वर्गणी काढून महापालिकेनं करायचं काम स्वतः करतात, किंवा "आपल्या हातात काय आहे" म्हणून कडीसुद्धा बसवत नाहीत.

म्हणून सभेआधी मुलींच्या तीन आया आणि एक शिक्षिका अशा चौघी मिळून शाळा सुटल्यावर सगळी स्वच्छतागृहं फिरून या. काय बंद आहे, कशामुळे, किती दिवस, हे कागदावर लिहा. सहावी-सातवीच्या मुलींना विचारा, पण वर्गात सगळ्यांसमोर नको, मैदानात बसून विचारा. पाळीच्या दिवसांत त्या घरी राहतात का, तेही विचारा. शिक्षिका बरोबर हवी याचं कारण असं की ही पाहणी शाळेविरुद्ध नाही, शाळेची आहे, हे तिच्यामुळे दिसतं. मग दोन ठराव करा. कड्या-नळांचा खर्च अनुदानातून. आणि पाण्याच्या लाइनबद्दल महापालिकेच्या शिक्षण विभागाला समितीचं पत्र, मुख्याध्यापक आणि अध्यक्ष दोघांच्या सहीचं. पत्राची पोच घ्या, आवक क्रमांक रजिस्टरमध्ये लिहा, पुढच्या सभेत त्याच क्रमांकावर पाठपुरावा. मोठ्या बाईंना हे पत्र नको असेल असं समजू नका. मुख्याध्यापकानं एकट्यानं पाठवलेली पत्रं कशी फायलीत झोपतात ते मला माहीत आहे. पालकांचा ठराव जोडलेला असला की तेच पत्र जरा लवकर हलतं, आणि हा आधार मागायचं मला नऊ वर्षांत सुचलं नाही याची आजही हळहळ वाटते.

पालक येत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. साडेबाराला मंगळवारी कोण येणार? धुण्याभांड्याची कामं तेव्हा दुसऱ्या घरी चालू असतात, रिक्षा रस्त्यावर असते, बांधकामावरची सुट्टी अर्ध्या तासाची असते. येणाऱ्याचा खाडा होतो, म्हणजे मत देण्यासाठी त्याला दिवसाची मजुरी मोजावी लागते. सभा शाळा सुटायच्या वेळी ठेवून पाहा, नाहीतर महिन्यातल्या एका शनिवारी. शिक्षकांनाही घरदार आहे, तेव्हा वेळ त्यांना विचारून ठरवा. नोटीस चार दिवस आधी फाटकावर लावा, त्यात विषय लिहा. "शाळेच्या विविध विषयांवर चर्चा" असल्या नोटिशीला मीही गेले नसते. "मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी" असं लिहिलं तर आया येतील.

नवऱ्याची भीती मी उडवून लावणार नाही. मुलीवर राग निघेल का? तुम्ही वर्णन केलेल्या बाई तशा वाटत नाहीत. पण शिक्षकही माणसंच आहेत, म्हणून एकट्या बोलू नका. दोघी-तिघींनी मिळून बोललं की विषय एका मुलीचा न राहता मुलींचा होतो. मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, तेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या टोकाचे अध्यक्षही मी पाहिलेत बरं का. वर्गात शिरून शिक्षकाला उठवणारे, पोषण आहाराच्या खिचडीची चव घेऊन स्वयंपाक करणाऱ्या ताईला पोरांसमोर झापणारे. एकानं तर सभेत "मारा, पण शिकवा" असा ठराव मांडला होता आणि निम्मे पालक टाळ्या वाजवत होते. बहुमतानं सगळं ठरत नाही. काही गोष्टी कायद्यानं आधीच ठरवून ठेवल्या आहेत, आणि वर्गात अपूर्णांक कसे शिकवायचे हे शिक्षकावर सोडावं. चव मात्र रोज कोणीतरी पालकानं घ्यावी, चांगल्या शब्दांत.

आणि बोलून, वाचून, दुरुस्ती सुचवूनही रजिस्टर कोरंच फिरत राहिलं तर? तर तुमच्या आणि आणखी दोन सभासदांच्या सहीनं शिक्षण विभागाला लेखी कळवा. कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, आणि दोन्ही बाजूंना बोलायची संधी देऊन तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. त्या कार्यकर्त्याची गरज तेव्हाही लागणार नाही. बचत गटाचं रजिस्टर लिहिणारीला अर्ज लिहिता येतो.

फलकाचं काम सुरू झालं नसेल तर तो रद्द करा असं म्हणू नका. पुढे ढकला, आराखड्यात घ्या. मार्चअखेर हिशेब बंद होण्याच्या तीनेक महिने आधी पुढच्या वर्षाची यादी समितीत बसून केली तर नळ आणि फलक एकाच कागदावर येतील आणि कोणतं आधी ते सगळ्यांसमोर ठरेल. झालं असेल तर होऊ दे, फलक चांगला आहे म्हणा आणि पाण्याचा विषय काढा.

चहाचं राहिलं. पुढच्या सभेला चहा आधी मागवून ठेवा, नाहीतर समितीतल्या एखाद्या भाऊंना आणायला सांगा. इतिवृत्त वाचून होईपर्यंत तुम्ही खुर्चीवरून उठायचं नाही.